वारशात नेमके काय येते?

विदर्भातल्या शिक्षकाला आनुवंशिकतेचा धडा शिकवताना उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. 'सिकलसेल' हा शब्द इथल्या पुष्कळ मुलांनी घरी, आश्रमशाळेत किंवा दवाखान्यात ऐकलेला असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एका जनुकातला एवढासा बदल, आणि त्यातून सारा आजार. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. फळ्यावर चार घरांची चौकट काढली की हिशेब पुरा होतो.

त्याच वर्गात एखादी मुलगी अशी असू शकते, की जिला रोज तीन-चार वेळा इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. तिचा मधुमेह मोठ्या माणसांच्या मधुमेहासारखा नाही. तो 'पहिल्या प्रकारचा' आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या आहेत. शेजारीपाजारी म्हणतात, "घराण्यातच असेल, आईकडून आले असेल." पण चौकट काढायला गेलो तर हिशेब जुळत नाही. आईला नाही, वडिलांना नाही, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना नाही. मग वारशात आले ते काय?

हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशींकडून मिळवण्याची सोय मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांतली आहे. त्या वाटचालीची ही गोष्ट.

बीजातला दोष

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'सहज' म्हणजे जन्मासोबत आलेला, आणि दुसरा चुकीच्या आहारविहाराने जडलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, त्याला फार तहान लागते. दुसरा स्थूल आणि खादाड असतो. सहज प्रमेहाचे कारण म्हणून आईवडिलांच्या बीजातला दोष दाखवला आहे. या दोन प्रकारांना आजचे दोन मधुमेह म्हणणे बरोबर होणार नाही. रोगाची व्याख्याच तेव्हा वेगळी होती. तरी कृश रोगी आणि स्थूल रोगी यांचा रोग एक नसावा, एकाचे मूळ बीजात असावे, हे निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

युरोपात हा भेद स्पष्ट व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे लहान पुंजके पाहिले. त्यांनाच आपण आज 'लँगरहॅन्सची बेटे' म्हणतो. १८८९ मध्ये मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. बेटांमधून निघणारे द्रव्य हाती आले ते १९२१-२२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या कामातून. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते द्रव्य पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिपने ते अधिक शुद्ध केले आणि २३ जानेवारीपासून पुन्हा उपचार सुरू झाले, तेव्हा मुलाची साखर उतरली. त्याआधी असे मूल उपासमारीच्या आहारावर फार तर वर्ष-दोन वर्षे जगे.

इन्शुलिनने मुले वाचली, पण त्या बेटांमधल्या पेशी नाहीशा का होतात, हा प्रश्न मागे पडला. १९३६ मध्ये लंडनच्या हिम्सवर्थने काही मधुमेही इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात व काही देत नाहीत, हे दाखवून दोन प्रकार वेगळे केले. पण पहिल्या प्रकारामागचे कारण त्यालाही ठाऊक नव्हते.

इन्शुलिन सापडले म्हणजे ते प्रत्येक घरी पोचले असेही नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९० च्या दशकात 'ड्रीम ट्रस्ट' हा न्यास उभा केला, तो गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्शुलिन मोफत मिळावे म्हणून. औषध सापडून सत्तर वर्षे झाल्यावरही अशा न्यासाची गरज पडावी, यात बरेच काही आले. शिवाय इन्शुलिनची साठवण थंड जागी व्हावी लागते, आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. ज्या घरात फ्रीज नाही तिथे माठाच्या गारव्यात कुपी जपून ठेवतात. पुढे जे संशोधन सांगायचे आहे ते वाचताना ही कुपी नजरेआड होऊ नये.

आपल्याच सैनिकांचा हल्ला

१९६५ मध्ये ब्रसेल्सच्या विली गेप्ट्स या विकृतिशास्त्रज्ञाने, मधुमेह सुरू झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ तरुण रुग्णांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांपैकी १५ जणांच्या बेटांभोवती आणि बेटांमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. लिम्फोसाइट म्हणजे प्रतिकारयंत्रणेचे सैनिक. शत्रू दिसत नव्हता, तरी सैनिक हजर होते.

१९७४ मध्ये दोन पुरावे आले. लंडनमध्ये बोटाझो व त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच बेटांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. डेन्मार्कमध्ये नेरुप यांच्या गटाने दाखवले, की हा आजार एचएलए नावाच्या जनुकसमूहाशी निगडित आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज आयझेनबार्थ यांनी सारे पुरावे एकत्र मांडले. हा आजार एका रात्रीत होत नाही. आधी वारशाने आलेला कल, मग कुठलीतरी ठिणगी, मग कित्येक महिने किंवा वर्षे चालणारा गुपचूप नाश, आणि बहुतेक बीटा पेशी निकामी झाल्यावर दिसणारी लक्षणे. डॉक्टरकडे मूल येते तेव्हा गोष्टीचा शेवट चाललेला असतो.

सहाव्या गुणसूत्रावरचे एचएलए

एचएलए प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर असतात. त्यांच्या खाचेत प्रथिनांचे लहान तुकडे धरलेले असतात आणि टी लिम्फोसाइट ते तुकडे तपासून 'हा आपला की परका' हे ठरवतात. खाचेचा आकार माणसागणिक वेगळा. त्यामुळे कोणता तुकडा दाखवला जाईल हेही वेगळे. १९८७ मध्ये टॉड, बेल व मॅकडेव्हिट यांनी दाखवले, की डीक्यू या प्रथिनाच्या बीटा साखळीत ५७ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल तर धोका कमी आणि नसेल तर जास्त.

सिकलसेलमध्ये सहावी जागा, इथे सत्तावन्नावी. साम्य मोठे आकर्षक आहे, पण ते इथेच संपते. सिकलसेलचा बदल दोन्हीकडून आला की आजार होतोच. ५७ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल नसलेली माणसे मात्र असंख्य आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना हा मधुमेह कधीच होत नाही. वारशाच्या एकूण वाट्यापैकी सुमारे निम्मा एचएलएचा. उरलेला निम्मा पन्नासाहून अधिक जागी विखुरलेला, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

त्यांतले एक जनुक खुद्द इन्शुलिनचे आहे. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. ती टी पेशींची शाळा म्हणावी अशी. शरीरातील निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने तिथे दाखवले जातात, आणि जी पेशी आपल्याच प्रथिनावर तुटून पडते तिला बाद केले जाते. इन्शुलिन जनुकाच्या शेजारच्या डीएनएमध्ये एक तुकडा पुनःपुन्हा येतो. त्याची लांबी कमी-जास्त असते. लांब तुकडा असलेल्यांच्या थायमसमध्ये इन्शुलिनचा नमुना दोन-तीन पट अधिक बनतो, असे १९९७ मध्ये दिसून आले. त्यांना धोका कमी असतो. म्हणजे या ठिकाणी वारशात येतो तो शिक्षणाचा कच्चेपणा.

आकडे काय सांगतात? ते मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत. तिथे सर्वसाधारण मुलाला हा मधुमेह होण्याची शक्यता सुमारे ३०० त एक. भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात सुमारे सहा. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण बहुतेक पाहण्यांत शंभरात तीस ते पन्नास. जनुके तीच असूनही शंभर नाही. आईला हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-चार, वडिलांना असेल तर सहाच्या वर. 'आईकडून आले' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. आणि नव्या रुग्णांपैकी दहात नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो.

बेडकापासून माणसापर्यंत

इथवर ज्ञान रक्ताच्या तपासण्या आणि जनुकांच्या याद्यांतून आले. नाश होताना बेटांमध्ये नक्की काय घडते, हे कोणी पाहिले नव्हते. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असते. त्याचा तुकडा काढणे धोक्याचे, आणि मूल निरोगी दिसत असताना तो काढायचा तरी कशासाठी? लक्षणे दिसेपर्यंत पाहण्यासारखे फारसे उरत नाही. आग विझल्यावर राखेवरून ठिणगी शोधण्यासारखे हे काम होते.

वाट निघाली ती मधुमेहाशी संबंध नसलेल्या प्रश्नातून. त्वचेची पेशी त्वचेचीच का राहते? तिच्याजवळ शरीराची सगळी जनुके असतात, मग ती बीटा पेशी का होत नाही? इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या अंड्यातले केंद्रक नष्ट केले, तिथे बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक ठेवले आणि काही अंड्यांतून पोहणारी पिल्ले मिळवली. आतड्याच्या पेशीतली पूर्ण माहिती शाबूत होती. याच गर्डन यांचा शाळेत असताना जीवशास्त्रात २५० मुलांत शेवटचा क्रमांक आला होता, आणि शास्त्रज्ञ होण्याचा त्यांचा विचार हास्यास्पद आहे अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी दिला होता. तो कागद त्यांनी चौकटीत लावून जपला. शेरा लिहिण्यापूर्वी आपण सर्वांनी आठवावा असा हा दाखला आहे.

पुढचा टप्पा जपानच्या शिन्या यामानाका यांचा. अगदी सुरुवातीच्या गर्भातील पेशी, म्हणजेच मूळ पेशी किंवा स्टेम सेल, कुठलीही पेशी होऊ शकतात. त्यांच्यात काम करणारी २४ जनुके यामानाकांच्या गटाने निवडली आणि ती सगळी उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली. काही पेशी मूळ पेशींसारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून त्यांनी प्रयोग पुन्हा केला. ज्याच्या वगळण्याने काम अडते ते ठेवायचे, बाकीची सोडायची. शेवटी चार उरली. हे २००६ साली झाले. २००७ मध्ये माणसाच्या पेशींवरही ते साधले आणि २०१२ मध्ये गर्डन व यामानाका यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वगळून तपासण्याची ही रीत नववी-दहावीच्या मुलालाही समजेल इतकी सरळ आहे.

याचा अर्थ असा, की मधुमेही मुलीच्या त्वचेचा कणभर तुकडा किंवा थोडे रक्त घेऊन तिच्याच मूळ पेशी करता येतात. त्यांत तिचा सारा वारसा असतो. गर्भ लागत नाही, स्वादुपिंडाला हात लावावा लागत नाही.

बशीतला आजार

अमेरिकेतील हार्वर्डचे डग्लस मेल्टन पूर्वी बेडकाच्या गर्भावर काम करत. १९९१ मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला, पुढे मुलीलाही झाला, आणि त्यांनी संशोधनाचा विषय बदलला. २००९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने अशा दोन रुग्णांच्या त्वचेपासून मूळ पेशी बनवल्या. २०१४ मध्ये मूळ पेशींना टप्प्याटप्प्याने संकेत देत ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या संख्येने तयार करण्याची रीत बसली.

२०१६ चा निष्कर्ष आपल्या प्रश्नासाठी मोलाचा आहे. मेल्टन यांचे सहकारी राहिलेले जेफ्री मिलमन आणि त्यांच्या गटाने मधुमेही रुग्णांपासून आणि निरोगी माणसांपासून बनवलेल्या बीटा पेशी शेजारी ठेवून तपासल्या. दोन्ही सारख्याच प्रकारे इन्शुलिन देत होत्या. म्हणजे रुग्णाच्या बीटा पेशी इन्शुलिन बनवण्याच्या कामात जन्मतः दुबळ्या नसतात. तिच्या बीजातून येते ते इन्शुलिन बनवण्याचे पूर्ण सामर्थ्य. बिघाड पुढे, सैनिक आणि बेटे यांच्या भेटीत होतो.

२०२० मध्ये ती भेट काचेच्या बशीत घडवली गेली. एकाच रुग्णाच्या मूळ पेशींपासून बीटा पेशी केल्या, त्यांना मुद्दाम ताण दिला, आणि त्याच रुग्णाच्या रक्तातील प्रतिकारपेशी त्यांच्या सोबत ठेवल्या. प्रतिकारपेशी बीटा पेशींवर चालून गेल्या. शेजारच्या अल्फा पेशींवर परिणाम कमी झाला. गेप्ट्सने मृत्यूनंतर पाहिले होते त्याची सुरुवात आता जिवंत पेशींत पाहता येऊ लागली.

पण रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यात हजारो जनुकीय फरक असतात. त्यांतला कोणता महत्त्वाचा? इथे नियंत्रित प्रयोगाचे तत्त्व कामी येते. एकाच मूळ पेशीचे दोन गट करायचे आणि एका गटात जनुक-कात्रीने एकच जनुक बदलायचे. २०२२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी 'टायके-२' या जनुकाबाबत असे केले. त्याचे काम रोखले तर विषाणूसंसर्गात स्रवणाऱ्या इंटरफेरॉनला बीटा पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि टी पेशींचा मारा त्या अधिक सोसतात. पण हेच जनुक मुळातून काढले तर बीटा पेशींची घडणच अडखळते. एकाच जनुकाला दोन कामे आहेत. म्हणूनच 'वाईट जनुक' हा शब्द वर्गात वापरू नये.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. बशीत थायमस नाही, रक्तप्रवाह नाही, आतडे नाही. तयार झालेल्या बीटा पेशी पुरत्या प्रौढ नसतात. आणि मूठभर रुग्णांच्या पेशींवरून साऱ्यांबद्दल बोलता येत नाही.

आपल्याकडच्या पेशी

ही शेवटची मर्यादा आपल्याला अधिक जाणवते. भारतात या आजाराची दोन लाखांहून अधिक मुले असल्याचा २०२१ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. जनुकांच्या याद्या मात्र बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झाल्या. त्या इथे लागू पडतात का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबीचे गिरिराज चांडक आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातील संशोधक यांनी हे तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या प्रकारचे २६२ पुणेकर रुग्ण त्यात होते. युरोपीय यादीतील नऊ खुणांवरून प्रत्येकाला गुण दिले. पहिल्या प्रकारचा एक आणि दुसऱ्या प्रकारचा एक अशा जोड्या लावल्या, तर शंभरांपैकी ८४ जोड्यांत पहिल्याचे गुण जास्त भरले. युरोपीय रुग्णांत हा आकडा ८७ होता.

यादी लागू पडते, पण थोडी कमी. हा प्रश्न इथे केवळ पुस्तकी नाही. आपल्याकडे सडपातळ तरुणांनाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो, आणि कुपोषणाशी जोडलेला आणखी एक प्रकार आहे. त्याला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. कृश रोगी म्हणजे सहज प्रमेह, एवढ्यावर आता भागत नाही. प्रकार ओळखण्यात चूक झाली तर इन्शुलिन वेळेवर मिळत नाही. शिवाय दिल्लीच्या एम्समधील नरिंदर मेहरा यांच्या गटाने आधीच दाखवले होते, की भारतीय रुग्णांत डीआर-३ या एचएलए प्रकाराचा भर मोठा आहे आणि त्याच्या आसपासची जनुकांची मांडणी युरोपीयांपेक्षा वेगळी आहे. खाचेचा आकार वेगळा, शेजार वेगळा. तेव्हा युरोपीय रुग्णाच्या पेशींनी दिलेले उत्तर विदर्भातल्या मुलीला जसेच्या तसे लागू होईल, हे गृहीत धरता येत नाही. इथल्या रुग्णांच्या पेशी, त्यांच्या संमतीने व त्यांची ओळख जपून, अशा अभ्यासात असायला हव्यात.

वर्गात काय सांगावे

मूळ पेशींपासून उपचाराकडेही पावले पडत आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूळ पेशींपासून बनवलेली बेटे १२ रुग्णांना पूर्ण मात्रेत दिली. वर्षानंतर १० जणांना इन्शुलिन लागत नव्हते. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. चीनमध्ये एका स्त्रीला तिच्याच पेशींपासून केलेली बेटे दिली आणि ७५ दिवसांत इन्शुलिन थांबले, हे २०२४ मध्ये जाहीर झाले. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीपासूनच अशी औषधे घेत होती. त्यामुळे सैनिक पुन्हा चालून आले असते का, हे त्यातून कळत नाही. आज कोणी पैसे घेऊन 'स्टेम सेलने मधुमेह बरा करतो' म्हणत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार, रक्ताचे काही विकार सोडले तर मंजूर चाचणीबाहेर असा उपचार करता येत नाही.

शिक्षकाच्या हाती मात्र आजच बरेच आहे. एखादे मूल वारंवार लघवीला जाते, सारखे पाणी पिते, भरपूर खाऊनही वाळत चालले आहे, वर्गात मलूल बसते, अशी चार लक्षणे एकत्र दिसली तर पालकांना त्याच दिवशी रक्तातील साखर तपासायला सांगावे. त्यात आठवडाभराची दिरंगाईही जिवावर बेतू शकते. निदान झालेल्या मुलाला मधल्या सुट्टीत इंजेक्शन घेण्यासाठी स्वच्छ जागा द्यावी, आणि साखर उतरून त्याला घाम फुटला, थरथर सुटली तर लगेच गोड खाऊ द्यावे.

आणि धडा शिकवताना फळ्यावर दोन चौकटी काढाव्यात. एक सिकलसेलची, चार घरांची, पुरी होणारी. दुसरी या मधुमेहाची, जिची घरे कधी पुरी भरत नाहीत, कारण त्यांत पन्नासहून अधिक जनुके, एक न सापडलेली ठिणगी आणि बरीचशी योगायोगाची जागा आहे. दुसऱ्या चौकटीत दोष कोणाच्या नावावर लिहायचा, असे मुलांना विचारावे. ती स्वतःच सांगतील, की आईचे नाव लिहायला तिथे जागाच नाही.